श्रेष्ठ कोण?

(जगातील सर्वश्रेष्ठ पुरुष टेनिसपटू कोण, या प्रश्नावर क्रीडारसिकांमध्ये नेहमी वाद होतो. या पाठात लेखकाने त्या वादातील निरनिराळ्या बाजू मांडल्या आहेत आणि अशा प्रश्नाचा विचार कसा करावा, हे सोप्या भाषेत समजावून सांगितले आहे.)



टेनिसचा चेंडू तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. संध्याकाळी जव्हारच्या मैदानावर क्रिकेट रंगते, तेव्हा गोलंदाजाच्या हातात हाच चेंडू असतो. मोखाड्याच्या पाड्यांवर मुले खेळतात, तोही हाच. पिवळसर हिरवा, वरून लवदार कापडाने मढवलेला आणि वजनाने हलका. पण ज्या खेळासाठी हा चेंडू तयार झाला, तो टेनिसचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेले तुमच्यापैकी फार थोडे असतील. चेंडू आपल्या ओळखीचा, खेळ मात्र अनोळखी!

तरीही या खेळावरून एकदा आमच्या नववीच्या वर्गात मोठी खडाजंगी झाली. मराठीच्या तासाला वादविवाद ठेवला होता. विषय मुलांनीच निवडला होता : ‘जगातील सर्वश्रेष्ठ टेनिसपटू कोण?’ एक गट म्हणाला, रॉजर फेडरर. दुसरा म्हणाला, राफेल नदाल. तिसरा म्हणाला, नोव्हाक जोकोविच. पाच मिनिटांत आवाज चढले. प्रत्येकाचे म्हणणे एकच, ‘आमचाच मोठा!’

मी टेबलावर हात आपटून विचारले, “मोठा म्हणजे काय?”

वर्ग गप्प झाला. एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, मोठा म्हणजे... मोठा!” सगळे हसले. मलाही हसू आले. पण खरे सांगायचे तर त्या प्रश्नाचे तयार उत्तर माझ्याकडेही नव्हते. त्या दिवशी जी चर्चा झाली, तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

मराठीत ‘निकष’ असा एक शब्द आहे. निकष म्हणजे कसोटीचा दगड. सोनार या काळ्या दगडावर सोने घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून सोन्याचा कस ओळखतो. पुढे या शब्दाचा अर्थ विस्तारला. ज्याच्या आधारे आपण एखाद्या गोष्टीची पारख करतो, ते माप म्हणजे निकष. उर्दूत आपण त्याला मेयार म्हणतो. श्रेष्ठ कोण हे ठरवण्यापूर्वी आपला निकष कोणता, हे ठरवावे लागते. निकष बदलला की उत्तरही बदलते. टेनिसच्या वादात हे फार स्पष्ट दिसते.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. मैदानाच्या मध्ये जाळी असते. दोन्ही बाजूंचे खेळाडू रॅकेटने चेंडू जाळीपलीकडे टोलवतात. चेंडू आपल्या बाजूला एकदा टप्पा घेतो, तो दुसरा टप्पा घेण्याआधी परत टोलवावा लागतो. गुण 15, 30, 40 असे मोजतात. गुणांचा मिळून एक गेम होतो आणि गेमचा मिळून एक सेट. मोठ्या स्पर्धांत पुरुषांच्या एकेरी सामन्यात जो तीन सेट आधी जिंकतो, तो विजयी ठरतो.

जगात टेनिसच्या चार स्पर्धा सर्वांत मानाच्या समजल्या जातात. त्यांना ‘ग्रँड स्लॅम’ स्पर्धा म्हणतात. मेलबर्नची ऑस्ट्रेलियन, पॅरिसची फ्रेंच, लंडनची विंबल्डन आणि न्यूयॉर्कची अमेरिकन. विंबल्डनला हिरवळीवर खेळतात. तिथे चेंडू वेगाने येतो आणि कमी उसळतो. पॅरिसचे मैदान तांबडे असते. वरचा तांबडा थर म्हणजे विटांचा बारीक चुरा. त्यावर चेंडूचा वेग कमी होतो आणि तो उंच उसळतो. मेलबर्न आणि न्यूयॉर्कची मैदाने कठीण पृष्ठभागाची आहेत. म्हणजे जमीन बदलली की खेळही बदलतो. भाताचा शेतकरी आणि नागलीचा शेतकरी यांची जमीन जशी वेगळी, तसेच हे.

आता आमच्या वर्गातल्या तीन गटांकडे वळू.

जोकोविचच्या गटाने आकडे मांडले. सर्बियाच्या या खेळाडूने 2023 पर्यंत एकेरीत 24 ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली : ऑस्ट्रेलियन 10, विंबल्डन 7, अमेरिकन 4 आणि फ्रेंच 3. नदालची एकूण विजेतेपदे 22 आणि फेडररची 20. जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर जोकोविच 428 आठवडे होता. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदकही जिंकले. समोरासमोरच्या सामन्यांत त्याने नदालला 31 वेळा हरवले व 29 वेळा तो हरला. फेडररशी त्याचा हिशेब 27 विजय आणि 23 पराभव असा आहे. गटाचा नायक म्हणाला, “सर, आकडे खोटे बोलत नाहीत. फैसला झाला!”

पण नदालचा गट उठला. ते म्हणाले, “एकाच जमिनीवर इतकी हुकमत दुसऱ्या कोणी गाजवली आहे का?” स्पेनच्या नदालने फ्रेंच स्पर्धा 14 वेळा जिंकली. त्या स्पर्धेत तो एकूण 116 सामने खेळला, त्यांपैकी 112 जिंकला आणि फक्त चार हरला. शिवाय समोरासमोरच्या सामन्यांत त्याने फेडररला 24 वेळा हरवले आणि फेडररने त्याला 16 वेळा. निकष जर ‘एका क्षेत्रातील प्रभुत्व’ असा असेल, तर नदालच्या शेजारी उभे राहणारे नाव सापडणे अवघड आहे.

मग फेडररचा गट बोलू लागला. स्वित्झर्लंडच्या फेडररने विंबल्डन 8 वेळा जिंकले. सलग 237 आठवडे तो पहिल्या क्रमांकावर होता. तो 1981 साली जन्मला, नदाल 1986 साली आणि जोकोविच 1987 साली. म्हणजे फेडरर त्या दोघांहून वयाने मोठा होता. या गटाने 2019 सालच्या विंबल्डनचा अंतिम सामना पुढे आणला. त्या दिवशी फेडररने 218 गुण मिळवले आणि जोकोविचने 204. तरीही सामना जोकोविचने जिंकला!

“हे कसे काय, सर?” मुलांनी विचारले.

हे समजून घेण्यासारखे आहे. टेनिसमध्ये सगळे गुण एकत्र करून विजेता ठरत नाही. कोणते गुण केव्हा मिळाले, याला महत्त्व असते. फेडररने काही सेट सहज जिंकले, तेव्हा गुणांची रास पडली. पण अटीतटीचे तिन्ही सेट जोकोविचने जिंकले. शेवटच्या सेटमध्ये तर फेडररला विजयासाठी एकच गुण हवा होता. अशी संधी त्याला दोनदा आली आणि दोन्ही वेळा जोकोविच डगमगला नाही. आता सांगा, जास्त गुण मिळवणारा मोठा, की आणीबाणीच्या क्षणी स्थिर राहणारा मोठा? इथेही निकषाचाच प्रश्न आला.

इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, हे तिघेही अलीकडचे. त्यांच्या आधी कोणी खेळतच नव्हते का?”

तिचा प्रश्न सर्वांत मोलाचा होता. कारण ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ म्हणायचे असेल, तर जुन्या काळाकडेही पाहिले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर 1938 साली जन्मला. 1962 साली त्याने एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. 1969 साली त्याने पुन्हा तोच पराक्रम केला. त्यानंतर एकाही पुरुष खेळाडूला एकाच वर्षात चारही एकेरी विजेतेपदे मिळवता आलेली नाहीत. फेडररला नाही, नदालला नाही आणि जोकोविचलाही नाही. तरी लेव्हरची एकूण विजेतेपदे फक्त 11. असे का?

त्याचे कारण खेळात नाही, नियमात आहे. त्या काळी या मोठ्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. जो खेळाडू पैसे घेऊन खेळण्याचा करार करी, तो व्यावसायिक ठरे आणि त्याला दार बंद होई. 1962 च्या पराक्रमानंतर लेव्हर व्यावसायिक झाला. मग पाच वर्षे तो या स्पर्धांत उतरू शकला नाही. वयाच्या चोविसाव्या वर्षापासून, म्हणजे ऐन उमेदीच्या काळात! 1968 साली हा नियम बदलला. लेव्हर परत आला आणि त्याच वर्षी विंबल्डन जिंकला. त्या पाच वर्षांत त्याने किती स्पर्धा जिंकल्या असत्या? कोणीही सांगू शकत नाही. त्याच्या नावापुढचा 11 हा आकडा खरा आहे. पण त्या आकड्याच्या मागे एक बंद दार आहे, हे आकडा स्वतः सांगत नाही.

हे ऐकून वर्गातला गोंगाट थांबला. मग मी त्यांना आपल्या देशातील एका खेळाडूची गोष्ट सांगितली.

लखनौजवळ मलिहाबाद नावाचे गाव आहे. तुम्ही उर्दू शिकता, म्हणून हे नाव तुम्हांला माहीत असेल. शायर जोश मलिहाबादी याच गावचे. तिथले आंबेही प्रसिद्ध आहेत. याच गावचे गौस मोहंमद 1939 साली विंबल्डनमध्ये एकेरीच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचले. म्हणजे शेवटच्या आठ खेळाडूंत त्यांचे नाव होते. तिथवर पोहोचणारे ते पहिले भारतीय. त्या फेरीत अमेरिकेच्या बॉबी रिग्ज यांनी त्यांना हरवले आणि पुढे रिग्जच विजेते ठरले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. 1940 ते 1945 या काळात विंबल्डनची स्पर्धा झालीच नाही. खेळाडूच्या आयुष्यातली सहा वर्षे म्हणजे किती मोठा काळ! आज श्रेष्ठ खेळाडूंच्या यादीत गौस मोहंमद यांचे नाव कोणी घेत नाही. पण त्यांच्याही वाटेत एक बंद दार आले होते.

भारतातही ‘आपला सर्वश्रेष्ठ टेनिसपटू कोण’ असा वाद होतो. रामनाथन कृष्णन यांनी 1960 आणि 1961 अशी सलग दोन वर्षे विंबल्डनच्या एकेरीत उपान्त्य फेरी गाठली. 1961 साली त्यांना हरवणारा खेळाडू म्हणजे रॉड लेव्हरच. आणि 1959 साली डेव्हिस चषकाच्या सामन्यात त्याच लेव्हरला कृष्णन यांनी हरवले होते. एकेरीचा निकष लावला, तर कृष्णन यांचे पारडे जड ठरते.

परंतु दुहेरीचा निकष लावला, तर लिअँडर पेसचे नाव येते. त्याचे घराणे मूळचे गोव्याचे. त्याचे वडील वेस पेस 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. लिअँडरने दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून 18 ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. 1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीत कांस्यपदक जिंकले. त्याआधी भारतासाठी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक आणले होते, ते आपल्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी, 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीमध्ये. मध्ये 44 वर्षे गेली होती.

मात्र लिअँडरलाही प्रत्येक वेळी यश मिळाले असे नाही. 2017 च्या फेब्रुवारी महिन्यात पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस चषकाचा सामना होता. दुहेरीतील 42 विजयांची बरोबरी त्याने आधीच केली होती. आणखी एक विजय मिळाला, की जागतिक विक्रम होणार होता. तो विजय पुण्यात मिळाला नाही. लिअँडर तेव्हा 43 वर्षांचा होता. तरीही तो खेळत राहिला आणि पुढच्या वर्षी चीनमध्ये त्याने तो विक्रम केला. चिकाटी हाही श्रेष्ठत्वाचा एक निकष नाही का?

पुण्याशी जोडलेली आणखी एक हकिगत आहे. डेव्हिस चषक ही देशादेशांमधील टेनिसची स्पर्धा. 1974 साली भारताने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला हरवले. नंतर पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारत अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. विजय अमृतराज आणि आनंद अमृतराज हे बंधू तेव्हा भरात होते. चषक हाताशी आला होता. पण त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाचे राज्य होते. कातडीच्या रंगावरून माणसाचे हक्क ठरत होते. भारताने हा अंतिम सामना खेळण्यास नकार दिला. चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेला मिळाला. भारताला डेव्हिस चषक अजून एकदाही जिंकता आलेला नाही. विक्रमाच्या पुस्तकात त्या वर्षी भारताच्या नावापुढे विजेतेपद नाही. पण ज्या खेळाडूंना हाताशी आलेला चषक न्यायासाठी सोडावा लागला, त्यांना आपण लहान म्हणू का?

असाच एक खेळाडू अमेरिकेचा आर्थर अ‍ॅश. तो कृष्णवर्णीय होता. लहानपणी त्याच्या गावातील गोऱ्यांच्या मैदानांवर त्याला खेळता येत नसे. पुढे त्याने 1968 साली अमेरिकन आणि 1975 साली विंबल्डन स्पर्धा जिंकली. त्याची एकेरीतील ग्रँड स्लॅम विजेतेपदे फक्त तीन. जोकोविचच्या एकअष्टमांश! पण न्यूयॉर्कमधील मुख्य टेनिस स्टेडियमला आज आर्थर अ‍ॅशचे नाव आहे. कारण तो अन्यायाविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिला. तिथे लोकांनी वेगळा निकष लावला.

तास संपत आला. जोकोविचच्या गटाचा नायक उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माझे मत बदललेले नाही. पण आता मी असे म्हणेन : एकूण विजेतेपदांचा निकष लावला, तर जोकोविच श्रेष्ठ.”

मी त्याला शाबासकी दिली. तो वाद हरला नव्हता, उलट वाद करायला शिकला होता. ‘आमचाच मोठा’ आणि ‘या निकषावर आमचा मोठा’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात हट्ट आहे, दुसऱ्यात विचार आहे. पहिल्या वाक्यावर भांडण होते, दुसऱ्यावर चर्चा होते.

मित्रांनो, हा विषय फक्त टेनिसचा नाही. आपल्या जव्हार-मोखाड्यातही थंडीच्या दिवसांत शाळांच्या क्रीडास्पर्धा होतात. धावण्याच्या शर्यतीत एक मुलगा पहिला येतो. आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या वाजवायलाच हव्यात. त्याने मेहनत घेतलेली असते. पण त्याच सुमारास आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे कामाच्या शोधात भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर जातात. डोंगरातल्या वाटा रोज तुडवणारी ती मुले शर्यतीच्या दिवशी मैदानावर नसतात. पॅरिसच्या मैदानावर विटांच्या चुऱ्यावर खेळणाऱ्याचे नाव जगाला कळते. वीटभट्टीवर धावणाऱ्या मुलाचे नाव आपल्या तालुक्यालाही कळत नाही. पहिला आलेला मुलगा आलेल्यांमध्ये पहिला असतो. न आलेल्यांचा हिशेब कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो.

म्हणून श्रेष्ठ कोण असा वाद निघाला, की स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझा निकष कोणता? त्या निकषावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी नीट ऐकले का? आणि ज्यांना मैदानात येऊच दिले नाही किंवा येताच आले नाही, त्यांचा मी विचार केला का? या तीन प्रश्नांची उत्तरे देऊन मग खुशाल फेडररची बाजू घ्या, नदालची घ्या, जोकोविचची घ्या, नाहीतर लेव्हरची. तुमच्या मताला वजन येईल.

आणि हो, तुम्ही विचाराल, “सर, तुमचे मत काय?” माझे मत रॉड लेव्हरकडे झुकते. निकष विचाराल, तर त्याने एकाच वर्षात चारही स्पर्धा दोनदा जिंकल्या आणि मध्ये दार बंद असतानाही त्याचा खेळ गंजला नाही. पण माझे मत खोडून काढण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. तयारी करून या.

शब्दार्थ

खडाजंगी – जोराचे भांडण
निकष – कसोटी, पारख करण्याचे माप
हुकमत – सत्ता, अधिकार
प्रभुत्व – वर्चस्व
अटीतटीचा – चुरशीचा
आणीबाणी – कठीण प्रसंग
हौशी – पैशांसाठी नव्हे, आवडीने खेळणारा
व्यावसायिक – पैसे घेऊन खेळणारा
वर्णद्वेष – रंगावरून केलेला भेदभाव
चिकाटी – न थकता प्रयत्न करण्याचा गुण

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) निकष या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) पॅरिसच्या मैदानाचा वरचा थर कशाचा असतो?
(इ) खाशाबा जाधव यांनी ऑलिंपिक पदक कोठे व केव्हा मिळवले?

2. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) रॉड लेव्हर पाच वर्षे मोठ्या स्पर्धांत का खेळू शकला नाही?
(आ) 1974 साली भारताने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना का खेळला नाही?
(इ) ‘आमचाच मोठा’ आणि ‘या निकषावर आमचा मोठा’ या वाक्यांतील फरक सांगा.

3. वाक्यांत उपयोग करा.
पारडे जड होणे, दार बंद होणे, खोडून काढणे.

4. उपक्रम
‘आपल्या शाळेतील सर्वोत्तम खेळाडू कोण?’ या विषयावर वर्गात वादविवाद घ्या. प्रत्येक गटाने बोलण्यापूर्वी आपला निकष फळ्यावर लिहावा.